जमिनीखालच्या टेसनातल्या फेऱ्या

न्हाय, मी म्हणतो, जमिनीच्या वर काय जागा कमी पडलीती? एवढं थोरलं कलकत्ता, रस्तं हैत, ट्राम हाय, बस हाय, माणूस वढतोय ती रिक्षा सुदिक हाय, आनि तरीबी ह्यांस्नी रेल्वे न्यायची कुटनं, तर जमिनीच्या पोटातनं!... हसू नगासा. तुमी हितं बोरगावात कट्ट्यावर बसून हसतायसा, तुमचं काय जातंय? आमची राजाबाई गावभर सांगत सुटलीया, 'आमच्या ह्यांनी लेकासाठी असं केलं नि तसं केलं,' आनि बायका येऊन माझ्या पाया पडाय लागल्यात! आज सकाळी सोनुबाई पडली. मी दात घासत हुतो, तोंडात राखुंडी, आशीर्वाद तरी कसा द्यायचा? तवा खरं काय घडलं ते आता मीच सांगतो. फकस्त आमच्या घरात बोलू नगासा.

आमचा परशराम मिलटरीत. दोन वर्सं सुट्टी न्हाई. आनि कळलं, पलटण निघाली आसामाकडं, मदी कलकत्त्यात मुक्काम, आनि दुपारच्याला फुडची गाडी. झालं! राजाबाईनं धोसरा काढला, 'मला लेकाचं त्वांड बघायचंय. तिकडं गोळ्या सुटत्यात म्हणं. मला आत्ता बघायचंय.' मी म्हटलं, 'अगं, कलकत्ता म्हंजे काय निपाणीचा बाजार हाय व्हय?' पर बाई ऐकंल तर ती राजाबाई कसली! शेंगाच्या पोळ्या केल्या, गठुळं बांधलं आनि बसली दारात. गेलतो मग. मिरजंला गाडी धरून, हाडं खिळखिळी करत गेलतो.

टेसनावर परशराम न्हाई, त्याचा दोस्त आलता, मष्णू, आपल्या खासबागेतला पोरगा. आमास्नी शहरात भुयारी रेल्वेपाशी आणलं नि म्हणाला, 'काका, परशराम सामान चढवतोय. सुटला की येतो. तुमी ह्या भुयारी टेसनात तिकिटाच्या खिडकीपाशी थांबा, आत गारबी हाय. हालू नगासा.' आनि सोडून गेला. हालू नगासा म्हणं! मी काय खांब हाय?

आता ते टेसन कसं ते ऐका. रस्त्यावरनं बघाल तर कायबी दिसत न्हाई. नुसता एक जिना खाली गेलेला, आपल्या पायऱ्याच्या विहिरीगत. उतरा, उतरा... आनि खाली बघताय तर काय, ही दांडगी फरशी! चकाचक! थुकायला सुदिक मन हुईना. गाडी हितं न्हाई बरं का, गाडी आनिक खाली. हा नुसता मदला मजला. मधोमध तिकिटाची खोली, चारी बाजूला खिडक्या, तिच्या भवतीनं रुंद वाट, आनि चार कोपऱ्यांस्नी चार जिनं वर गेलेलं. चारी सारखं! खांब सारखं! दिवं सारखं! बोर्ड बंगालीत. बोर्डाचं मला काय न्हाई, आमच्या नशिबात बोर्ड कायम दुसऱ्याच भाषेत, गावाकडं बी कानडीत, आमाला सवं हाय. पर चार जिनं एका तोंडावळ्याचं? मी म्हणतो, जमिनीच्या वर काय जागा कमी पडलीती?

राजाबाईला खांबाला टेकून बसवलं. म्हटलं, 'बस, मी जिन्यावर बघून येतो, परशराम आला काय.' ह्यो गेलो आनि ह्यो आलो! आनि बघतो तर खांब हाय, बायकू न्हाई. पुढच्या खांबाला बघितलं, न्हाई. त्याच्या पुढच्या, न्हाई! परका मुलूख, तिला धड हिंदी यीना, जवळ नुसत्या पोळ्या!... आनि लेक आला तर काय सांगू? 'बाबा, तुजी आई जमिनीखाली हरवली'?

लागलो चालाय. त्या खोलीच्या भवतीनं. कसा? उजव्या हातानं! म्हंजे खोली माझ्या उजवीकडं. आता खिडकीतनं बघितलं तर आत कारकुनाच्या डोक्यावर काळीमातेचा फोटू, त्याला तांबडं जास्वंद वाहिलेलं. झालं की! मधी देवी, भवतीनं वाट. आपल्या पायास्नी ल्हानपणापासनं वळणच ते. देवाला उलटं कोण जातंय?

अर्धी फेरी झाली आनि एक बंगालीबाबू भेटला. धोतर, चष्मा, बगलंत छत्री. जमिनीखाली छत्री! मी म्हटलं, 'बाबूजी, मेरी घरवाली देख्या क्या? हिरवा लुगडा, गठुळा.' तो म्हणाला, 'हां हां, देखा! आभी तो इधोर से गिया!' आनि हात केला पुढं. पळालो पुढं. न्हाई. परत फेरी पुरी करून आलो, बाबू तितंच. 'आरे, आभी फिर गिया! आपको ढूंढता था!' म्हंजे बघा, मी तिच्या मागं, ती माझ्या मागं, दोघंबी उजव्या हातानं, आनि मधी ती खोली! बाबू म्हणाला, 'दादा, उल्टा जाइए ना! दो मिनिट में मिलेगा!' उलटं? देवी उजवीकडं सोडून डावीकडं घेऊ? आज? लेक गोळ्या सुटत्यात तितं चाललाय आनि बाप उलटी फेरी घालतोय? पाय उचलंना, तुमास्नी सांगतो.

आनि त्या बाबूला काय वाटलं, पावणा टेसन बघाय आलाय! धरला की माझा हात! 'ये पाताल रेल, दादा, इंडिया में फार्स्ट! चौरासी साल में चालू हुआ! बारा-बारा साल रास्ता खोदा! हाम रोज कीचोड में ऑफिस जाता था!' मी बायकू हुडकतोय आनि हा मला चिखूल सांगतोय! 'बाबूजी, मेरी घरवाली...' 'मिलेगा, मिलेगा! सुनिए, पाहले दो तरफ दीवार नीचे डाला, उसके बाद बीच का माटी निकाला!' आता मला सांगा, आमची विहीर तीन डाव ढासळलेली. मी थांबलो. कसा न्हाई थांबणार? म्हटलं, 'आधी भित्ताड? मग खुदाई? और पानी?' बाबूचं डोळं असं चमकलं! 'पोम्प! दिन-रात पोम्प!' म्हटलं, 'और वरचा ट्राम?' 'लोकड़ी का रास्ता बनाया, ट्राम ऊपर, मजदूर नीचे!' अरं वा, म्हटलं. आनि मग ध्यानात आलं, अरं वा काय? बायकू कुटं हाय?

मग मातर रडू आलं. खोटं कशाला बोलू? हात जोडलं, डोळं मिटलं आनि तसाच चालाय लागलो. 'आई काळी, जोतिबा, यल्लम्मा, माझी राजाबाई गावू दे. लेक आलाय-गेलाय मला ठावं न्हाई. एकदा गावू दे.' माणसं बाजूला व्हायची, मी चाललोय. जोतिबा, यल्लम्मा, राजाबाई... जोतिबा, यल्लम्मा, राजाबाई...

आनि ही बया कुटं हुती? जिन्यावर! आधी मला हुडकत खोलीभवती फिरली, तवर परशराम एका जिन्यानं उतरला, तिला गावला, आनि दोघं मायलेकरं पायरीवर बसून पोळ्या खात हुती! मी हुडकतोय एकटी बाई, तेबी डोळं मिटून, मला कसं दिसणार? पर तिला मी दिसत हुतो की! दर फेरीला! परशराम उठला हाक माराय, तर हिनं त्याचा दंड धरला. 'थांब. मधी बोलवू नगंस. तुज्या बानं नवस बोललाय. हात बघ जोडल्यालं. तुज्यासाठी फेऱ्या घालतोय रं माजा धनी. तुटू देऊ नगंस.'

जमिनीच्या वर काय जागा कमी पडलीती, सांगा की! वर असतं तर ऊन लागलं असतं, बसलो असतो खाली, हाक ऐकली असती...

शेवटी मी दमून डोळं उघडलं तर समोर परशराम. वर्दीत. केवढा झालाय! गालफडं बसल्यात, मिशी आलीया. मी तोंड उघडायच्या आत त्यानं माझं पाय धरलं, भर टेसनात. 'आप्पा, माझ्यासाठी एवढं...' आनि हुंदका. ह्या पोरानं आजवर माझ्यासंगं धड दोन शब्द बोलल्यालं मला आठवत न्हाई. शेत नको म्हणून भांडून मिलटरीत गेला त्यो. आनि आता माझ्या गळ्यात पडून रडतोय! मी काय म्हणू? 'अरं, मी तुज्या आईला हुडकत हुतो' असं म्हणू?

म्हटलं, 'व्हय रं. तुज्यासाठीच.'

एवढंच बोलणं झालं बघा. मष्णू पळत आला, 'चल, गाडी सुटतीया!' आनि गेला पोरगा. जिन्यावरनं मागं वळून बघितलं त्यानं. आईकडं न्हाई, माझ्याकडं. माझ्या वाटणीची पोळी सुदिक त्यानंच खाल्ली, पर खाऊ दे. एवढ्या लांब गेलो, तेवढं तरी लेकाच्या तोंडाला लागलं.

तर हे असं. खरं सांगायची सोय न्हाई. तिला सांगावं तर ती लेकाला कळवणार, आनि त्यो तिकडं आसामात काय इच्चार करील? गप बसलोय. पर गप बसून तरी सुटका हाय व्हय? काल रात्री जेवताना राजाबाई म्हणती, 'अवो, मी पायरीवर बसून मोजल्या. तुमच्या फेऱ्या सातच झाल्या. नवस अकराचा असतोय. लेक तिकडं हाय, नवस अर्धा ठेवू ने.'

तिकिटं काढल्यात. सोमवारी निघतोय कलकत्त्याला... चार फेऱ्या घालाय.