मथुराबाईंच्या नावचा निरोप

मंडळी, कीर्तन सुरू करण्याआधी एक सांगा: साऱ्या आळीचं भलं करणारा माणूस घरात गुन्हेगार ठरू शकतो का? माना हलवू नका! आधी ऐका!

अनंतराव तेलवणे. छत्तीस वर्षं पोस्टमन! ऊन म्हणू नका, चिखल म्हणू नका, ज्याचं पत्र त्याच्या हातात! आता निवृत्त. घरी ते आणि मथुराबाई, दोघंच. बाईंना जुना दमा. मोबाईल एकच, म्हणून दवाखान्यात बाईंच्या नावापुढे नंबर अनंतरावांचा.

एका सकाळी — टिंग! 'मथुराबाई तेलवणे, आपली फ्लूची लस राहिली आहे. दवाखान्यात यावे.'

अनंतरावांना वाटलं, वा! हे तर सगळ्यांच्याच उपयोगाचं! काय केलं त्यांनी? वरचं नाव खोडलं, खाली दोन हात जोडले, आणि दिला निरोप आळीच्या ग्रुपवर धाडून! आणि बाईंचं? "घरचंच आहे, नेऊ सावकाश."

पंधरा दिवसांनी दुसरा निरोप — नाव खोडलं, धाडला! तिसरा — खोडलं, धाडला! हसताय? तुमचे फोन बघू का? तेवीस माणसं लस घेऊन आली. जो तो म्हणे, "धन्य तुमची, अनंतराव!" स्वारी खूष!

आणि आळीत फ्लूच्या तापाची साथ आली. मथुराबाई अंथरुणाला खिळल्या. दुसऱ्याच दिवशी धाप! पाठ टेकवेना, शब्द फुटेना, ओठ निळे! अनंतरावांनी त्यांना रिक्षात घातलं. "अगं, श्वास घे! घे ना!" दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण रस्ता सरेना हो!

नर्सनं ऑक्सिजन लावला. "आजोबा, लस?"

"राहिली..."

"तीन वेळा कळवलं होतं. नावानिशी! पोचलं नाही?"

पोचलं नाही असं कोणत्या तोंडानं म्हणतील? पोस्टमन तो! तीन दिवस डॉक्टर नक्की काही बोलेनात. तीन दिवस हा माणूस दवाखान्याच्या बाकावरून हलला नाही.

चौथ्या दिवशी धाप उतरली. अनंतरावांनी रडत रडत सगळं सांगितलं. बाईंनी मास्क बाजूला सारला.

"अहो, लोकांना सांगितलंत, छान केलंत. पण माझं नाव का हो खोडलंत?"

काय उत्तर द्यावं? तुम्हाला सुचतंय?

आत्तासुद्धा तुमच्या मनात काय चाललंय, सांगू? 'आमच्या शेजाऱ्याला हे ऐकवायला हवं होतं!' नाही मंडळी! तुम्हालाच सांगतोय! घरी जा. आपल्या माणसाला विचारा, लस झाली का? नाही म्हणालं, तर उद्या सकाळी त्याचा हात धरून निघा. देवाचं नाव मग घेऊ!