पागेवाल्याची ठाणं

ऐका. इथल्या वाळत्या मिरचीचा ठसका लागत असेल तर तोंडाला उपरणं धरा, पण उठू नका. ऐका.

दगू आबा, तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. मधे पाहिजे तेवढं हसा. शेवटी हसून दाखवा.

गोष्ट गेल्या पौषातली. भटेसिंग काकांची घोडी, लाखी, गाभण होती. तिचं आदलं शिंगरू कसं गेलं ते तुम्ही पाहिलंय. बांबूच्या कुडात पाय अडकला, ओढता ओढता मोडला. काका दोन दिवस जेवले नाहीत. मला म्हणाले होते, "हेमा, पुन्हा असं झालं तर मी घोडी ठेवणार नाही." घोडीशिवाय काका! तुम्हीच सांगा, हा माणूस सकाळी उठून करणार काय?

म्हणून गोठा नव्यानं बांधायला छप्पर उतरवलं तेव्हा लाखीला काकूंच्या माहेरी ठेवलं होतं, बोरवाडीला. दिवस भरत आले. छप्पर चढलं. मी तिला आणायला गेले. निघता निघता अंधार पडला.

तिथली मंडळी म्हणाली, "राहा गं आज." मी ऐकलं नाही. घोडीला घरी न्यायची होती, तिच्या जागी, माझ्या डोळ्यांसमोर. पण सडकेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एकेकाच्या टपावर गाणी अशी की लाखी दोन पायांवर उभी राहायला लागली. मग मी तिला खाली घेतलं. नाल्याच्या वाटेनं.

हो आबा, त्याच वाटेनं. लहानपणापासून ऐकत आले, नाल्यात जुनी पागा होती, पुरात सगळे घोडे आपापल्या खणात, ठाणातच बुडाले, कारण घोडे राखणाऱ्या मोतद्दारानं दारं बाहेरून लावली होती आणि तो झोपला होता. तेव्हापासून तो रिकामी ठाणं भरत बसलाय. मी इतकी वर्षं बाहेर राहून, घोड्यांचंच शिकून आले. मला वाटलं, ही लोकांना घाबरवायची गोष्ट. चालू लागले.

आणि थंडी! हाडात शिरणारी. लाखी थांबायला लागली. चार पावलं टाकायची, थांबायची. मागे वळून पोटाकडे बघायची. मी बॅटरी मारली तर कासेतून चीक गळतोय. म्हणजे आजच! या नाल्यात, या वाऱ्यात!

तेवढ्यात कंदील दिसला.

वळणावर पागा. दगडी, लांबच लांब. दारात म्हातारा मोतद्दार, खांद्यावर घोंगडी, हातात कंदील.

"या बाईसाहेब. वेळ भरलीय घोडीची. आत घ्या. ठाण तयार आहे."

तुम्ही म्हणाल, हेमा, तुला कळलं नाही? कळलं हो! पण पाठीमागे वारा आणि पुढे भिंती. घोडी स्वतःच आत निघाली. मी दोर धरून तिच्या बरोबर.

पहिलं ठाण. स्वच्छ. गुडघाभर पेंढा. म्हातारा म्हणाला, "चालेल ना?"

बस, एवढंच. त्याला फक्त तुमच्या तोंडून 'चालेल' हवं असतं, की जनावर त्याचं झालं. आणि आपल्याकडे 'चालेल' म्हणायला कुणाला काय लागतं? कडी मोडकी, चालेल. खिळा वर आलाय, चालेल. आता कुठे रात्रीचं बदलायचं, चालेल!

मी वाकले. खालच्या फळ्यांवरून हात फिरवला. दोन फळ्यांमधे फट. माझी मूठ आत गेली.

"नाही चालणार," मी म्हणाले. "शिंगराचा खूर जाईल यात."

म्हातारा हसला. "बाईसाहेब बारीक बघतात." फुंकर मारली तशी फट मिटली! माझ्या हाताखालची फळी सलग झाली.

ऐका, इथंच मी पळायला हवं होतं. पण लाखी घामानं भिजलेली, धापा टाकतेय. आणि खरं सांगू? मला राग आला. फट मिटवणं याला एवढं सोपं होतं, तर आधीच का नाही मिटवली?

दुसऱ्या ठाणाशी नेलं. भिंत सागवानी, लाथ मारली तरी हलणार नाही अशी. "आता?"

"दार आत उघडतंय. घोडी दाराला टेकून आडवी झाली तर मी आत कशी येणार? दार बाहेर उघडलं पाहिजे. आणि कडी आतूनही निघाली पाहिजे. माणूस आत अडकतो."

"आतून?" म्हाताऱ्याचा कंदील हलला. "आतून कशाला?"

"पाहिजे."

करकरत दार फिरलं. बाहेर उघडलं. कडीला आतून खिट्टी आली.

तिसरं ठाण. दार आधीच बाहेर उघडणारं, आतून खिट्टी; आम्ही दोघी आत. गव्हाणीला कोपरा टोकदार, घोडीचा डोळा फुटेल असा. नाही चालणार. कोपरा गोल झाला. जमीन गुळगुळीत फरशीची, उठताना पाय घसरेल. नाही चालणार. फरशी खडबडीत झाली. आता तो मला बाईसाहेब म्हणेना.

"पोरी, किती बघशील? तुझ्या आधी इतके आले, एकानं वाकून पाहिलं नाही!"

"त्यांची जनावरं कुठे आहेत?"

मग एकदम काकांचा आवाज! थेट काकांचा, अंधारातून. "हेमा, बांध गं तिला. माझी लाखी थंडीनं मरेल. चालेल म्हण, बेटा."

मी दाताखाली जीभ धरली. तोंड उघडलं असतं तर गेलेच होते. आणि लाखीचे पुढचे पाय मुडपायला लागले. ती बसायला लागली! त्या पेंढ्यात बसली असती आणि शिंगरू तिथं पडलं असतं, तर ते कुणाचं झालं असतं? माझं नाही. काकांचं नाही.

मी दोर वर ओढला. "ऊठ, लाखी! ऊठ!" आणि मोठ्यानं म्हणाले, "अजून एक राहिलं. शेजारचं जनावर दिसलं पाहिजे. चारी बाजूंनी भिंत असली तर एकटी घोडी घाबरते. इथं भिंत नको, वरच्या अंगाला गज पाहिजेत."

म्हातारा पहिल्यांदा मागे सरला.

"शेजारी नको," म्हणाला. "इथले शेजारी चांगले नाहीत."

"मग नाही चालणार."

केवढ्यानं ओरडला तो! पागा हादरली. पण करतो काय? कुणी मागेल तसं ठाण देणं त्याला भाग होतं. भिंतीचा वरचा भाग विरघळला, गज उभे राहिले. मी बॅटरी वर केली.

घोडे. ओळीनं घोडे. पांढरे, कुमैत, अबलख. सगळे आमच्याकडे तोंड करून. एवढ्या थंडीत लाखीच्या नाकपुड्यांतून वाफेचे लोट निघत होते. त्यांच्या नाकातून काही नाही. एकाच्याही नाही. मानेवरून पाणी ठिबकत होतं.

आणि आबा, दुसऱ्या गजापलीकडे तुमचा सारंगा होता.

नाही, थांबा. कपाळावर चांद, डाव्या कानाला चीर. तुम्ही सगळ्यांना सांगता चोरीला गेला म्हणून. मी विचारत नाही त्या रात्री तुम्ही कुठल्या वाटेनं आलात.

काय म्हणालात? कसा होता?

उभा होता, आबा. बसायला जागा नव्हती त्याला. ठाण अरुंद होतं.

…घ्या, पाणी घ्या. पुढचं सांगते.

दार धाडकन लागलं. बाहेर म्हातारा, आत आम्ही दोघी. तो हसतोय. मी खिट्टी काढली, खांदा लावला. दार बाहेर उडालं आणि तोही उडाला!

"हे दार असं कुणी केलं?" ओरडतोय.

"तुम्हीच!" मी म्हणाले, आणि पळाले.

गाभण घोडी पळते का? पळाली हो! मी पुढे, ती मागे, पायाखाली वाळू, आणि पाठीमागे टापा. एक नाही, शंभर. मानेवर गार पाणी उडतंय. मी वळून पाहिलं नाही. चढ आला. लाखीनं उडी घेतली, मी तिच्या दोराला लोंबकळत वर आले. वर पपईची बाग. टापा काठावर येऊन थांबल्या. एकसाथ. मग नुसता वारा.

पपईच्या पानांवर लाखी आडवी झाली. उघड्यावर. ना भिंत, ना पेंढा. मी स्वेटर काढला, शाल काढली. बॅटरी तोंडात धरली. पुढचे दोन खूर दिसले, त्यांच्यावर नाक. सरळ! सगळं सरळ! मला रडू आलं. मादी शिंगरू, ओली, काळी शिंगी, माझ्या मांडीवर घसरली आणि शिंकली.

काका शोधत आले तेव्हा शिंगी उभी राहायच्या खटपटीत होती. पडायची, उठायची. काकांनी फेटा सोडला आणि तिचे पाय पुसत बसले. चारही पाय, पुन्हा पुन्हा.

झाली गोष्ट. आता उठाल, घरी जाल. पण एक ऐकून जा, आणि हे मी हसून सांगत नाही.

नाल्याच्या वाटेनं जाऊ नका. अंधार पडल्यावर तर नाहीच. पूर्वी एक बरं होतं, बघणाऱ्याला त्याच्या ठाणात खोट सापडायची. आता नाही. फट कुठे नको, दार कुठे उघडावं, फरशी कशी असावी, सगळं त्याला मी शिकवून आलेय. पुढच्या माणसाला पहिलंच ठाण असं दाखवेल की वाकून बघितलं तरी काही मिळणार नाही.

आणि गज तो कुणाला मागू देणार नाही.