आज तुम्ही डोळे मिटा

डोळ्यांच्या दवाखान्यात एक शिवणकामवाल्या बाई नंबरची वाट बघत होत्या. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या. थोरलीच्या डोळ्यांत नुकतेच थेंब घातले होते.

“ताई, भाऊजी गेल्यावर तू दाराबाहेर पाऊल टाकत नव्हतीस. आणि आता रोज सकाळी नदीवर?”

“खालच्या मजल्यावरच्या मास्तरांची नजर गेली गं. नदीवर जायची त्यांची जुनी सवय. म्हटलं, नेऊ चार दिवस हात धरून.”

“मग?”

“दर दोन पावलांना विचारतात, ‘काय दिसतंय?’ पहिल्या दिवशी मी म्हटलं, ‘काय दिसणार? नदी, झाडं.’ तर म्हणाले, ‘वहिनी, एवढं तर मलाही दिसतंय.’”

“अगं बाई!”

“मग मी नीट बघायला लागले. ऊन पाण्यावर कसं उतरतं, बगळा कसा ताटकळत उभा असतो... त्यांना सांगता सांगता माझंच मन रमलं. परवा भाजी चिरताना मी चक्क गुणगुणत होते.”

शिवणकामवाल्या बाईंचा नंबर पुकारला गेला. पुढचं ऐकायचं होतं, म्हणून त्यांनी मागच्या माणसाला पुढे पाठवलं.

“पण आज तुला संध्याकाळपर्यंत सगळं धूसरच दिसणार. चल, घरी सोडते.”

“मास्तर आलेत सोबत, बाहेर बसलेत. म्हणाले, ‘आज तुम्ही डोळे मिटा. काय ऐकू येतंय ते मी सांगतो.’”

“दोघांनाही दिसत नाही आणि नदीवर जाणार?”

“म्हणून तर तुला बोलावलं. एक हात त्यांचा धर, एक माझा.”