साठ कोसांखालचा धक्का

सन्माननीय अध्यक्ष पंजाबराव साहेब, व्यासपीठावर बसलेले शाळा कमिटीचे सभासद, आजचे सत्कारमूर्ती नीळकंठराव मास्तर, गुरुजनवर्ग, आणि एवढ्या उन्हात चिखलीपर्यंत आलेल्या बंधू-भगिनींनो,

शाल-श्रीफळाआधी मास्तरांच्या भूकंपयंत्राला खरं काय लागलं ते पाहू. लोखंडी वजन मोडीतलं, तार माझ्या विहिरीवरची, घड्याळ त्यांच्या सासऱ्याचं. त्यात काही गेलं नाही. गेलं ते पुढे. रोज सकाळी चिमणीच्या काजळीवर कागद काळा करायचा, फिरत्या डब्यावर गुंडाळायचा, दुसऱ्या दिवशी सुईने ओढलेली रेघ भिंगातून वाचायची. नऊ वर्षं. सव्वातीन हजार कागद, आणि उजवा डोळा.

मी विहिरी खणणारा माणूस. डोक्यावर टोपलं वाहता वाहता ठेकेदार झालो. पहार आपटली की आवाजावरून सांगतो, दगड आतून फुटका आहे की एकसंध. माझा एकही सुरुंग माझ्या कानांना चुकवून उडालेला नाही, हे मी चारचौघांत किती वेळा ऐकवलं, ते तुम्हीच मोजा.

मास्तर एकदा मला म्हणाले, "तुळशीरामजी, साठ-साठ कोस खोल भूकंप होतात म्हणे. तिथे दगड तापून मऊ पडलेला. मऊ दगड तुटतो कसा?"

म्हटलं, "कढईतला गूळ पाहा ना मास्तर. खडा भवताली इरघळते, पन आत मधात थंडाच असते. उलथनं मारा, कडकन फुटते."

"म्हणजे गार दगडाची लादच वरून तिरपी खाली बुडत असेल," मास्तर स्वतःशीच बोलले. "आतला गाभा अजून ताठ. पण वर साठ कोसांचं ओझं. फट पडली तरी दाबून बसेल, सरकेल कशी?"

मी तळहात दाखवला. मोटेचा नाडा निसटल्याचा जुना वळ आहे. "एकदा सुटला का हात पोळते. पोळला का पकड ढिली होते. ढिली झाली का नाडा अजून जोरानं पयते."

मास्तरांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. म्हणाले, "दगडही तसाच असेल. घासून तापला, तापून ढिला पडला, की मग त्याला थांबवणारं कोण?" त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली माझं नाव घालून. असं नाव माझं दुसऱ्या कुठल्या वहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात एका दुपारी चारच्या सुमारास सुई हलली. मास्तर धावत माझ्या दारी आले. वायव्येला, फार दूर, फार खोल मोठा धक्का झाला म्हणाले. नागपूरच्या वर्तमानपत्रात त्यांचं म्हणणं छापूनही आलं. पण घर पडल्याची बातमी कुठूनच आली नाही. बाजारात पोरं विचारू लागली, "काऊन बे, मास्तरचा भूकंप डाकेत हरवला का?"

महिन्याने कमिटी बसली. अध्यक्ष म्हणाले, "भूकंपामागून लांब लाटा येतात ना? त्या कागदावर कुठे आहेत?"

"धक्का खोल असला की त्या जवळजवळ उमटतच नाहीत. हीच त्याची खूण," मास्तर म्हणाले.

"म्हणजे जे नाही तोच पुरावा!" सगळे हसले. मीही हसलो. मग अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "तुळशीरामजी, तुमचा सुरुंग चारलाच असते ना?"

"रोज चारला. हाव, माहाच तो."

"सुरुंगाची थरथर लगेच विरते, ही सहा मिनिटं चालली," मास्तर सांगत राहिले. पण माझे कान साक्षीला उभे असताना त्यांचं कोण ऐकणार? यंत्र उतरवायचा ठराव झाला. यंत्राच्या खोलीत शाळेची मोडकी बाकं रचली. मास्तरांनी मुदतीआधी तीन वर्षं राजीनामा लिहिला.

गेल्या आठवड्यात वेधशाळेचं पत्र आलं. त्याच वेळी त्यांच्याही सुया हलल्या होत्या. हिंदुकुशाकडे, साठ कोस खोल. मास्तरांनी पत्र डाव्या डोळ्याजवळ धरून वाचलं आणि एवढंच विचारलं, "मधल्या दोन वर्षांचे कागद आता कोण देईल?" काल मी अध्यक्षांना ठराव मागे घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, पत्र खरं असेल, पण इथली रेघ तर तुमच्याच सुरुंगाची. त्यांचंही चुकलं नाही. साक्ष माझीच आहे.

कमिटीच्या दिवशी घरी आलो, तेव्हा आमच्या घरच्या मनकर्णाबाईंनी भाकर वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मास्तर धावत आले तो दिस ना? मी वारुळाले दूध वाहून येतच होती. गडी त सारे आपापल्या घरी होते. तुमी सांगतलं तरी काय?" आम्ही कमिटीवाले सगळे वारुळ पुजणारे, पण ती इंग्रजी तारीख पंचांगात कोणी लावून पाहिली नाही. मला त्या रात्री कळलं. मी जेवलो आणि झोपलो. दोन वर्षं जेवलो आणि झोपलो.

मास्तर, तुम्ही उद्या लेकीकडे शेगावला चाललात. तुमचे आभार मानायला माझं तोंड नाही, तरी मानतो. सभेने शांतपणे ऐकलं, तिचेही आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर अडाणी समजून सोडून द्या. अध्यक्षसाहेब, त्या ठरावाखाली मात्र एवढं लिहून घ्या, मी अंगठा नाही, सही करतो: त्या दिवशी नागपंचमी होती. माझ्या विहिरीवर सुरुंग लागलाच नव्हता.