आंगन पाहून आलेली मंगली

मायं माहेर आरमोरीकडलं, आमी ढिवर लोकं, गावच्या तलावाले लागूनच घर, अन् आंगन म्हनाल तं ते आंगन नोतंच बाई, तिथी जाळे पसरलेले, एकीकडं झिंगे वाळत टाकलेले, कडेनं गवत माजलेलं. शेतीवाल्यायच्या बाया रोज शेनानं सारवत, रांगोळी काढत, आमच्या घरावरून जाताना पदर नाकाले लावत. माय हासायची. बाबा म्हने आंगन पयले जाळ्याचं, मंग आपलं. मले तेच बराबर वाटे, वासासकट. आता बी बाजारात सुकल्या झिंग्याचा वास आला तं माहे पाय तिथीच थांबतेत.

लगन झालं अन् माह्या मालकाले एटापल्लीकडं आश्रमशाळेत सैपाक्याची नौकरी लागली. भाड्याचं मातीचं घर, भोवती बांबूचं कुंपन, मांगं जंगल. काय सांगू तुमाले, तिथल्या माडिया लोकायचे आंगन असे लख्ख, का सांडलेला भात उचलून खावा. गवत ठेवलं तं साप कसा दिसन, म्हनत. माह्या आंगनात भोपळ्याचे वेल, गवत, मले तं ते हिरवं हिरवंच चांगलं वाटे. शेजारची मंगली, माह्याहून मोठी, कुंपनावरून पाहे, काई बोले नाई. तिले मराठी जरा जरा ये, मले तिची माडिया येच नाई.

पानझडीचे दिवस होते, मले दिवस गेलते अन् ते पोटातलं गेलं. मालक दिवसभर शाळेत, दुसऱ्या कोनाले मी सांगतलंच नाई, नुसती पडून राहो. आंगनात सागाची पानं साचत गेली. एका सकाळी खरखर आवाज आला, पाह्यलं तं मंगली झाडून राह्यली. मले राग आला, वाटलं, ही मले घानेरडी समजते. म्हनलं, काऊन वं, कोनं सांगतलं तुले? ती म्हने, काल तू झाडलं नाई, आज बी नाई, पानं तशीच पडून, म्हून आली. मंग तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् झाडू ठेवून देल्ला. चूल पेटवली, पेज शिजवली, जवळ बसून पाजली. डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हने, माहे बी गेले दोन. तवा मी रडली, पयल्यांदा.

मंग मी बी रोज झाडाले लागली. उशीर झाला का कुंपनापलीकडून आवाज ये, काय झालं वं? एकदा माहेरी गेली अन् सवयीनं झाडू हाती घेतला, तं माय म्हने, अवं झिंगे वाळून राह्यले, धूळ काऊन उडवतं?

आता मालक नाईत, मंगली बी गेली असं आइकलं. मी माजरीले पोराजवळ राह्यतो, तो कोयल्याच्या खदानीत हाये. क्वार्टरपुढं सिमेंटची फरशी, तिच्यावर काळी धूळ. इथी कोनी कोनाचं आंगन पाह्यत नाई, आठवड्यातून पाईपनं धुतलं का झालं. पोरगा-सून जीव लावतेत, मी तापानं पडली तं सुनेनं कामावरून सुट्टी घेतली, खोटं काऊन सांगू. लेकरं सुखात राहो, आनखी मायं काई मागनं नाई. सून म्हनते, आई, घंटाभरात काळं होते, झाडता कायले? मी म्हनतो, होऊ दे. तुमी येनार म्हून आज दोनदा झाडलं, अन् पाहा, आपन बोलत बसलो तेवढ्यात किती धूळ पडली ते. चला, पाय झटकून आत या, चाय ठेवतो.