निथळायला जागा

दुकानदार : ताई, तुम्ही आतापर्यंत भांडी निथळायच्या पाच मॅट हुंगल्यात. कोरा माल आहे हो, वास यायचा कुठून?

सून : कोऱ्याला येत नाहीच. मी विचारतेय ती दहा दिवसांनंतरची गोष्ट. दिवसातून आठ वेळा ही भिजणार, वर बाळाच्या दुधाच्या बाटल्या उलट्या. आतला स्पंज सुकतो कधी?

दुकानदार : सुकतो की. पंख्याखाली ठेवा, तासाभरात खडखडीत.

सून : ते वरून. आतून?

दुकानदार : आता आतून... ताई, मी भांडीकुंडी विकतो. मॅटच्या पोटात कधी शिरलो नाही.

सासू : ठेव ती खाली. जाड आहे. नाही सुकायची.

सून : घ्यायला नव्हती उचलली, आई. आपल्याकडे अशीच आहे म्हणून बघत होते. हीच राखाडी.

सासू : आहे, का होती?

सून : आहे. अजून आहे.

दुकानदार : मावशी, तुमच्या सूनबाई मॅट घेताहेत का जावई पसंत करताहेत?

सासू : तू आणखी काय आहे ते काढ, बाबा. चार वाजायला आले. पाचला आम्हाला दवाखान्यात पोचायचंय. नात घरी यायचीय आज.

सून : यायचीय असं नका ना म्हणू. साडेतीनची बाटली पोटात राहिली तर, असं म्हणाल्यात डॉक्टर. राहिली तर.

सासू : बरं बाई. राहिली तर.

दुकानदार : काय झालंय बाळाला?

सासू : उलट्या-जुलाब. आज नववा दिवस. पाच महिन्यांची आहे. झाली तेव्हा एवढीशी होती, दोन तळव्यांत मावायची, म्हणून मी मुंगी म्हणते. तिसऱ्या दिवशी हातापायाची शीरच सापडेना, तेव्हा डोक्याला सुई...

सून : आई, नको.

सासू : विचारलं त्याने म्हणून सांगितलं.

दुकानदार : होईल हो सगळं ठीक. मुलं चिवट असतात. ही बघा, ही दाखवतो. ही मॅटच नाही, फरशी आहे. दाबून घट्ट केलेली माती. हे बघा, पेलाभर पाणी ओततो. एक... दोन... तीन. गेलं.

सून : कुठे गेलं?

दुकानदार : म्हणजे?

सून : आत्ता होतं, आता नाही. गेलं कुठे?

दुकानदार : आत शोषलं. मग हळूहळू हवेत जातं.

सून : हळूहळू म्हणजे किती वेळात? तोवर पुढच्या बाटलीचं पाणी आलं तर ते आधीच्यावर साचणार. आणि आत काय चाललंय ते बाहेरून कळणारच नाही. पृष्ठभाग कोरडाच दिसणार. उकळता येते का ही?

दुकानदार : फरशी कोण उकळतं, ताई?

सून : मी उकळीन.

दुकानदार : तडकेल.

सासू : ती राहू दे. जे दिसत नाही ते हिला नकोय.

दुकानदार : मग ही रबरासारखी घ्या. ही उकळा, तळा, काहीही करा. काही शोषत नाही. आणि यात गंमत काय, ओटा अडत नाही. कुणी आलं, दार वाजलं, की अशी सुरळी करायची नि खणात सरकवायची. ओटा कसा, आरसा. माझ्या गिऱ्हाइकांत तर हिच्यावर उड्या पडतात. सगळ्यांना ओटा मोकळा दिसायला हवा.

सून : ओली असली तरी सरकवायची?

दुकानदार : ओली कोण सरकवतं?

सून : समजा. समजा कुणी सरकवली. म्हणजे बाटल्या नुकत्याच उकळून ठेवल्यात, पाणी निथळतंय, आणि कुणीतरी येणार आहे. पुसत बसायला वेळ नाही. मॅटसकट, बाटल्यांसकट, सगळं उचलून खणात. खण बंद. तीन तास. मग ते माणूस गेलं की पुन्हा बाहेर. असं रोज.

दुकानदार : असं करेल कोण?

सून : समजा म्हटलं ना मी.

दुकानदार : कुबट वास सुटेल. आणि तुमच्याकडे आहे तशी जाड असेल, तर खालच्या अंगाला काळे ठिपके धरतील. बुरशी.

सून : किती दिवसांत?

दुकानदार : ते कसं सांगू? पंधरा दिवस, महिना.

सून : सतरा आहेत. ठिपके. एक रुपयाएवढा, बाकीचे मोहरीएवढे. परवा कपडे न्यायला घरी गेले होते तेव्हा मॅट उलटी करून बघितली. तोवर मी ती कधी उलटी केलीच नव्हती.

सासू : थांब जरा. येणार असतं ते माणूस कोण?

सून : समजा म्हटलं मी.

सासू : तीन तास बसतं म्हणतेस. रोज येतं म्हणतेस. सकाळी दहा ते एक तुझ्याकडे रोज कोण असतं?

दुकानदार : मी जरा पलीकडचे डबे लावून येतो.

सासू : थांब तू. मॅट घ्यायचीय अजून. सांग गं, कोण असतं?

सून : तुम्ही.

सासू : माझ्यापासून लपवायचीस? बाटल्या?

सून : बाटल्या नाही. पसारा. आई, तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा स्वयंपाकघरात गेलात आणि ओट्यावरून हात फिरवलात. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोटं बघितलीत. आणि काहीच बोलला नाहीत.

सासू : घाण नव्हती मुळी. काय बोलणार?

सून : तेच. बोलला असतात तर बरं झालं असतं. मी दोन वर्षं तो हात बघतेय. पावणेदहा झाले की सुरू. दिसेल ते उचलते, पुसते, कोंबते. मुंगी झाल्यावर तर बाटल्या, निपल, टोपणं, चिमटा, नुसता बाजार. म्हटलं, तीन तासांनी काय होतंय.

सासू : अगं, माझा ओटा सिमेंटचा होता. जन्मभर. कितीही घासा, खरखरीतच. तुमचा तो काळा दगड बघितला, वाटलं हात लावून बघावा. गार लागला हाताला. एवढंच होतं ते.

सून : एवढंच?

सासू : बोटं बघितली ती दुखतात म्हणून. सांधे.

दुकानदार : मावशी, बसा ना. स्टूल देतो.

सासू : उभी आहे ती बरी आहे. अगं, रडतेस कशाला? डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, जंतू कुठूनही येतो म्हणून. पाण्यातून, हातातून, हवेतून.

सून : त्यांनी मला विचारलं होतं, आई. पहिल्याच दिवशी. समोर कागद घेऊन बसल्या होत्या. हात कसे धुता, बाटली किती मिनिटं उकळता. मी घडाघडा सांगितलं, अगदी परीक्षेला बसल्यासारखं. दहा मिनिटं, घड्याळ लावून. चिमट्याने काढते. हात लावत नाही. त्या म्हणाल्या, छान, मग ठेवता कुठे. मी म्हटलं, स्वच्छ मॅटवर, मोकळ्या हवेत. त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्यासमोर. ‘मोकळ्या हवेत.’ मुंगीच्या खाटेला तो कागद नऊ दिवस टांगलेला आहे, मी येता-जाता वाचते. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं हो. तोंडातून तसंच निघालं, नीटनेटकं.

सासू : कुणाला म्हणालीस हे? नवऱ्याला तरी?

सून : कुणालाच नाही. आज आधी तुम्हाला, आणि हे दुकानदार.

दुकानदार : मी काही ऐकलं नाही, ताई.

सासू : ऐकलंस तर ऐकलंस. आता माझंही ऐक गं, म्हणजे फिटंफाट. मला ठाऊक होतं.

सून : काय ठाऊक होतं?

सासू : खणाचं. त्या मंगळवारी तू बाळाला न्हाऊ घालत होतीस. मला पिशवी कापायला कात्री हवी होती. सगळे खण उघडले, तो खालचाही उघडला. बाटल्या उलट्या, खाली मॅट, आणि वास. पावसात भिजलेल्या पायपुसण्याला येतो तसा. बंद करून टाकला मी खण.

सून : मंगळवारी?

सासू : हो.

सून : तिला पहिली उलटी गुरुवारी झाली.

सासू : हो. तेही ठाऊक आहे मला. नऊ दिवस तेच दोन वार मोजतेय.

सून : मग बोलला का नाहीत?

सासू : कसं बोलू? आधी सुनेच्या खणात हात घातला, वर तिलाच बोल लावला, असं झालं असतं. माझ्या सासूबाई माझे डबे उघडून बघायच्या. रोज. डाळ किती उरली, साखर किती उरली. मी ठरवलं होतं, आपल्या सुनेला असा जाच व्हायला नको. तोंड शिवून बसायचं. बसले. मनात म्हटलं, शिकलेली आहे, माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं, काहीतरी कारण असेल.

सून : तुम्ही एक शब्द बोलला असतात, आई.

सासू : हो.

सून : मी भांडले असते कदाचित. रुसले असते. पण मॅट उलटी केली असती.

सासू : हो गं. मला काय ते कळत नाही?

(सुनेच्या पर्समधला फोन वाजू लागतो.)

दुकानदार : ताई, फोन.

सून : ह्यांचा आहे, बाळापाशी बसलेत. चार वाजून दहा. बाटलीचं सांगायला. आई, तुम्ही घ्या.

सासू : तू घे. बाप आहे तो तिचा, वाघ नाही.

सून : माझ्याने नाही घेववत. ते आधी काही बोलले नाहीत ना, की मला कळतं. डोक्याला सुई लावली, तेव्हाही फोनवर असंच झालं होतं.

सासू : दे इकडे. कुठे दाबायचं यात? चष्मा राहिला माझा.

दुकानदार : हिरवं, मावशी. हिरवं वर सरकवा.

सासू : हां, बोल रे. मीच आहे. ती आहे इथे शेजारी. काय झालं? किती? पुन्हा सांग. मग? नंतर? बरं. नाही, घेतली नाही अजून, बघतोय. ठेव.

सून : काय?

सासू : साडेतीनला ऐंशी मिली प्यायली. सगळी नाही, पण ऐंशी. उलटी नाही. आता झोपलीय.

सून : झोपली म्हणजे कशी? सुस्त? तापली नाही ना? श्वास बघितला का त्यांनी?

सासू : नाही विचारलं मी. पाचला आपण दोघी बघू. छातीवर हात ठेवून बघू. दादा, पाणी दे हिला.

दुकानदार : हे घ्या, ताई. आणि रागवू नका, पण तुम्हाला मघापासून चुकीचं दाखवतोय बहुतेक. एक वस्तू आहे, माळ्यावर पडून आहे, कुणी विचारत नाही म्हणून काढली नव्हती. ही. नुसती स्टीलची जाळी, चार पाय. खाली मॅट नाही, ताट नाही. सिंकच्या वर आडवी टाकायची, पाणी निथळलं की थेट सिंकमध्ये. बाटल्या वर, चहूबाजूंनी वारा.

सून : उकळता येते?

दुकानदार : एवढं मोठं पातेलं असेल तर खुशाल. नाहीतर उकळतं पाणी ओता वरून. आमच्या घरी हीच आहे. बायको म्हणते, दुकान भांड्यांचं आणि घरात ही गुरांची गव्हाण.

सासू : बघू. आरपार दिसतं गं यातून. तुझं तोंड दिसतंय मला. पाण्याला थांबायला जागाच नाही.

सून : घडी होते का हिची?

दुकानदार : नाही. तोच तिचा दोष. सरकवता येत नाही, लपवता येत नाही. चोवीस तास तिथेच, डोळ्यांत खुपत राहणार. एकदा पक्कं ठरवा, मग परत आणू नका.

सून : आई, वाईट दिसेल ओट्यावर.

सासू : दिसू दे.

सून : सिंक निम्मा अडेल. तुम्हाला हात धुताना त्रास होईल.

सासू : न्हाणीघरात धुईन. बांध रे ही. नाही, बांधू नकोस, तशीच दे. घरी गेल्यागेल्या उकळतं पाणी घालायचंय.

सून : आणि ती राखाडी?

सासू : ती मी टाकते. तू हात लावू नकोस. खण मी धुते. आज संध्याकाळीच.

सून : एक सांगू? पाचला मी डॉक्टरांना सांगणार आहे. तो कागद चुकीचा आहे. त्या म्हणतील, असं असेल तर बाळ आज नाही सोडत, आणखी दोन दिवस बघू.

सासू : म्हणू देत.

सून : मला त्याचीच भीती वाटतेय. आणि न सांगता घरी नेण्याची त्याहून जास्त.

सासू : मग सांग. मी येते बरोबर. तू खणाचं सांग, मी मंगळवारचं सांगते. दोघींना मिळून काय ओरडायचं ते ओरडतील बाई.

दुकानदार : ताई, पिशवीत मावत नाही ही. हातात धरून न्यावी लागेल. कडा बोचतील, पदराने धरा.

सासू : आण, मी धरते. चल, रिक्षा बघ. अगं, ऐक.

सून : काय?

सासू : उद्या येऊ का मी?

सून : या की.

सासू : दहाला?

सून : दहालाच. मी काही उचलून ठेवणार नाही.