कानामागचा लाल ठिपका

टाळ थांबू द्या जरा! गणपतराव, मृदंगावरचा हात उचला. तुमचा हात चालू असला की माझं कुणी ऐकत नाही! हं. मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. मत्सर आंधळा असतो का?

कोण म्हणालं 'हो'? पाटलीणबाई? बरोबर, सगळं गाव तेच म्हणतं. रागाला डोळे नाहीत, लोभाला नाहीत, मग मत्सराला कुठून असणार! बरं. तुमचं उत्तर पदराला बांधून ठेवा. मी गोष्ट सांगतो आणि मग पुन्हा विचारतो.

एक तालुक्याचं गाव. बाजारपेठेत एक गल्ली, गल्लीत समोरासमोर दोन ब्यूटी पार्लर. चालवणाऱ्या कोण? सख्ख्या जावा! — बघा, जावा म्हटलं की लगेच हसू येतं तुम्हाला! थोरली मंदाकिनी, धाकटी शैला.

आता शैलाच्या हातात कला होती, देवाच्या दारात खोटं कशाला बोलू! भुवई कोरावी ती शैलानं. नवरीचा अंबाडा घालावा तो शैलानं. मंदाकिनीचा हात साधाच. पण मंदाकिनीनं जिल्ह्याला जाऊन वर्षभर कोर्स केला, परीक्षा दिली, दुकानाचा परवाना काढला आणि दोन्ही कागद काचेत घालून भिंतीवर लावले. शैला म्हणायची, "हात चांगला असला की कागद कशाला लागतो?"

मंदाकिनीकडं प्रत्येक बाईला धुतलेला टॉवेल. कंगवा, कात्री औषधाच्या पाण्यात. हातात मोजे. आणि केसांना रंग लावायचा असेल, तर आधी कानामागं रंगाचा एक थेंब! "दोन दिवसांनी ये. खाजलं नाही, लाल झालं नाही, तरच रंग लावीन." बायका कुरकुरायच्या, पण यायच्या तिच्याकडंच. — पुरुष मंडळी, तुम्ही काय हसताय? परवा दाढीला बसलात, तेव्हा पातं नवं होतं का? बघितलंत? कुठलं! तुम्ही पेपर वाचत होता!

आणि शैला दारात बसून काय करायची? समोरच्या चपला मोजायची! "अकरा जोड! आणि माझ्या दारात दोन — त्यातला एक माझाच!" घास गिळवेना. मंदाकिनीनं नवा आरसा लावला, की हिला डोकेदुखी! मंदाकिनीला कुणी चांगलं म्हटलं, की ही दार आपटायची! रात्री नवऱ्याला म्हणायची, "अहो, तिला काही येत नाही हो! काही म्हणजे काही येत नाही!" तो बिचारा घोरत असायचा.

अशात यांच्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नणंद वनिता, तिची एकुलती तेजल. रविवारची तिथी. बुधवारी शैला नेहमीप्रमाणं मोजायला बसली. सात... आठ... आणि नववा जोड बघून उठलीच! मोरपंखी चपला! या शैलानंच भाचीला हौसेनं घेऊन दिलेल्या! "मी दिलेल्या चपला घालून पोर तिच्या दारात गेली?"

झालं! गुरुवारी दुपारी तेजल गल्लीतून जाताना शैलानं तिला हाताला धरून आत ओढलं.

"काय गं, धाकट्या मामीला विसरलीस होय?"

"नाही मामी! मोठ्या मामीनं थेंब लावलाय, उद्या सकाळी बघते म्हणाली."

"थेंब! अगं, गिऱ्हाईक दुसरीकडं जाऊ नये म्हणून केलेली युक्ती ती! बस. तासाभरात नागिणीसारखे काळेभोर केस करून देते!"

पोर बसली. मामीला नाही कसं म्हणायचं? शैलानं रंग कालवला. बाजारातली सुटी काळी पावडर, नाव ना गाव! डाव्या बाजूचे केस उचलले... आणि मंडळी, हात थांबला.

कानामागं मसुरीच्या डाळीएवढा लाल ठिपका. सुजलेला.

काय करायला हवं होतं? मोठ्यानं सांगा! — थांबायला हवं होतं. हे तुम्हाला कळतं. तिलाही कळलं! पण मनात दुसराच आवाज आला. "आत्ता थांबले, तर मंदाकिनी खरी ठरेल." एवढंच! एवढ्यासाठी तिनं ब्रश रंगात बुडवला आणि त्या ठिपक्यावरूनच फिरवला. ठिपका दिसेनासा झाला.

शुक्रवारी सकाळी तेजलचे डोळे उघडेनात. तोंड सुजलं, ओठ सुजले, धड बोलता येईना. उचलून दवाखान्यात नेली. वनिता मंदाकिनीवर धावली. "वहिनी, थेंब तुमचा, मग केसांचा रंगही तुमचाच! परवाना मिरवता भिंतीवर? तो रद्द करून आणते, बघा!" मंदाकिनीनं आपल्या रंगाचं पाकीट डॉक्टरांपुढं धरलं. "मी फक्त थेंब लावला!" डॉक्टर म्हणाले, "एका थेंबानं एवढं होत नाही. डोक्याला हा दुसरा रंग कुठला, ते सांगा. सूज गळ्याकडं उतरतेय."

आणि इकडं गल्लीत? बातमी पोचली होती. मंदाकिनीच्या दारात एक चप्पल नाही! शैलाच्या दारात नऊ जोड! मिळालं की नाही जन्माचं मागणं? फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात वनिताचा फोन. रडत होती. "शैला, तू तरी ये गं. पोरीला धड बोलता येत नाही, पण सारखं तुझंच नाव घेतेय. धाकटी मामी, धाकटी मामी! किती जीव आहे तिचा तुझ्यावर!"

शैला उठली. पावडरीची पुडी घेतली आणि तशीच धावत सुटली. नऊ बायका बघत राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरांच्या हातात पुडी दिली. "मी लावला रंग. काल." वनिता भिंतीला टेकली. पण मंदाकिनी? तिनं पुढं होऊन शैलाचा हात धरला! म्हणाली, "वन्सं, तिला बोलू नका. तिला कुणी शिकवलंच नाही हे. तिला काय माहीत!"

सुटली होती की हो शैला! थोरलीनं स्वतःच वाट काढून दिली होती. मान हलवायची, दोन आसवं गाळायची, घरी जायचं! पण तिच्यानं ते झालं नाही. "शिकवलं नव्हतं, ताई. पण दिसलं होतं. कानामागं लाल ठिपका दिसला होता मला. त्याच्यावरून रंग फिरवला."

मंदाकिनीनं हात सोडला. म्हणाली, "दिसलं नसतं, तर हा हात मी सोडला नसता गं."

तेजल वाचली. लग्न दीड महिन्यानं झालं. दोघी जावा एका पंगतीला बसल्या, पण शेजारी नाही. — गोड शेवट हवा होता? मलाही हवा होता. नाही झाला.

आता सांगा, मत्सर आंधळा असतो का? पाटलीणबाई, सोडा पदराची गाठ! अहो, मत्सराइतकं लख्ख कुणाला दिसत नाही! शेजाऱ्याच्या छपरातला निखळलेला पत्रा आपल्याला त्याच्याआधी दिसतो. दिसतो, आणि आपण बोलत नाही.

तुम्हालाच कशाला बोलू? गेल्या सप्ताहात याच मंडपात दुसरे बुवा उभे होते. गर्दी माझ्या दुप्पट! माईकची वायर उघडी पडली होती, त्यांच्या पायाशी. मी पहिल्या रांगेत होतो. मला दिसली. मी टाळ्या वाजवत बसलो. त्यांना काही झालं नाही, ती देवाची कृपा. माझी नव्हे! आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगून आलो. त्यांनी चहा दिला नाही. बरोबर केलं.

आता तुमची पाळी. दिसलं असून गप्प बसलात, असं एक नाव आत्ता मनात आलंय ना? ते माणूस बहुतेक याच मंडपात बसलंय. मग उठा. त्याच्याजवळ जा आणि सांगा. आरती थांबेल, देव थांबेल, मी उभा आहे.